बांधलेले कान

पेशंटजवळ गेले की मी आधी त्याचा कान धरते. थर्मामीटर नंतर, नाडी नंतर, आधी कान. पाळी नाही, वरची कड. अंगठा आणि पहिलं बोट, एक श्वास घेऊन सोडेपर्यंत. नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात हे सापडायचं नाही, मी तीन वर्षं शोधून दमले. ही आबाची, म्हणजे माझ्या बापाची शिकवण, आणि आबा जन्मभर मेंढरांमागं हिंडला. या एका सवयीपायी माझं नर्स होणं पार बुडीत जायची वेळ आली होती. ते कसं, ते सांगते. हसायचं असेल त्यानं आधीच हसून घ्यावं.

आमचं गाव जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीपासून जीपनं वीस मिनिटं. आता आमच्या मेंढपाळांतले बरेच जण कापूस-सोयाबीन करतात, कोणी जालन्याला एमआयडीसीत जातात, पण माझ्या लहानपणी आबाकडं शे-दीडशे मेंढरं होती. उन्हाळ्यात ज्याला शेतात खत पाहिजे त्याच्या रानात मेंढरं बसवायची, भोवती जाळी लावायची आणि आम्हीही तिथंच पाल ठोकून राहायचं. सकाळी जाळी उघडायच्या आधी आबा कळपात शिरायचा. मोजायचा नाही, हाका मारायचा नाही. हाताला येईल त्या मेंढराचा कान धरत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. मी मागं मागं. कान ऊन लागला तर जनावर ठीक. फारच ऊन लागला तर ताप. थंड लागला तर आबा हात काढून घ्यायचा आणि पुढं जायचा, जसं काही झालंच नाही.

थंड कानाचं मेंढरू वरून ठणठणीत असायचं. चरायचं, पाणी प्यायचं, दुसऱ्याला ढुशी द्यायचं. मग दुपारी कधीतरी ते कळपातून वेगळं व्हायचं आणि जाळीकडं तोंड करून उभं राहायचं. हाकललं, पाला दाखवला, तरी तोंड बाहेरच. बाकीची मेंढरं त्याच्याजवळ जायची नाहीत, त्याच्या भोवती तेवढी जागा मोकळी राहायची. दिवस मावळायच्या आत ते आडवं झालेलं असायचं.

एकदा मी ओरडले, "आबा, हिचा कान गार पडलाय!" आबानं काडकन थोबाडीत दिली. त्यानं मला मारलेलं तेवढं एकदाच. म्हणाला, "कान थंड लागला तर तोंडानं बोलायचं न्हाई. बोललं की जनावर ऐकतं, आन मंग पाय सोडतं." मी सहा-सात वर्षांची. ते वाक्य माझ्या हाडात जाऊन बसलं.

त्याच उन्हाळ्यात माय बाळंत झाली, पालातच. भाऊ झाला. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून मायच्या कानांवरून फडकं बांधलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबानं तिच्याजवळ बसून त्या फडक्यात बोटं घातली. मला वाटलं, लाड करतोय. आबाला मायचा लाड करताना मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मी तोंडावर हात ठेवून हसले. मग तो उठला आणि मेंढरं घेऊन गेला. माय दुपारी गेली.

हे सगळं मी विसरले होते, किंवा तसं समजत होते. लग्न झालं, जालन्याला आले. नवरा रोलिंग मिलमध्ये, मी बियाण्याच्या कारखान्यात. पट्ट्यावरून बी यायचं आणि त्यातलं फुटकं, किडकं वेचून काढायचं. नऊ वर्षं वेचलं. एक दिवस माझ्या ध्यानात आलं की मी डोळे मिटून बसलेय आणि हात आपले आपण वेचून राह्यलेत. डोळे उघडले तर डबा किडक्या बियांनी भरलेला, एकही चांगलं बी त्यात नाही. शेजारची म्हणाली, "झोपलीस का गं?" मी झोपले नव्हते. पण मला माझ्याच हातांचं भ्या वाटलं.

मला कोणी प्रेरणा-बिरणा दिली नाही. या हातांना डोळे उघडे ठेवून करायचं काहीतरी काम द्यावं, एवढंच डोक्यात आलं. नर्सिंगच्या प्रवेशाला पस्तिशीपर्यंत वय चालत होतं, मला तेहतिसावं चालू होतं, आणि बारावी पासचा कागद ट्रंकेत तळाशी होता. सासू म्हणाली, "बैल गेला न झोपा केला." नवरा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पोरींचे डबे मी करीन, पण भाकरी जमणार न्हाई, पोळ्याच." मी म्हटलं, "करपव, पण कर." थोरली तेव्हा सातवीत. ती आणि मी एकाच टेबलावर अभ्यास करायचो. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, माझं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वर्गातल्या बाकीच्या सगळ्या अठरा-एकोणिसाच्या. तोंडावर ताई म्हणायच्या, मागं काकू. मला राग यायचा आणि मी तो लपवत नव्हते. पण घाण काढायला, बेडपॅन उचलायला मी सगळ्यांच्या पुढं. मेंढराच्या जखमेतल्या अळ्या काढलेल्या बाईला कशाची किळस येणार?

पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, नर्सचं काम दोन गोष्टींचं: बघा, आणि बघितलं ते सांगा. मी वहीत लिहून घेतलं. त्यातली पहिली गोष्ट मला जन्मापासून येत होती. दुसरीवर मी अडकणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी मेडिकल वॉर्डात ड्यूटी लागली. दवाखान्याचं नाव सांगत नाही, त्याचा काही दोष नव्हता. लांबलचक हॉल, मधल्या पडद्याच्या अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. एका खाटेवर दम्याचा म्हातारा शेतकरी होता, बरा झालेला, दोन दिवसांत घरी जाणार. सकाळचे दहा वाजले होते. बीपी घेतलं, चांगलं. नाडी चांगली. ताप नाही. कागदावर लिहिलं, आणि वळता वळता माझा हात त्याच्या कानाला गेला. कसा गेला, देवाला माहीत. पंचवीस वर्षांत मी कोणाचा कान असा धरला नव्हता. कान रांजणाच्या बुडासारखा गार होता.

मग मी नीट बघितलं. म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला होता. म्हटलं, "बाबा, इकडं वळा की, पंख्याचा वारा तरी लागंल." तो म्हणाला, "असंच बरं वाटून राह्यलं, बाई."

इन्चार्ज सिस्टर चार पावलांवर टेबलाशी बसल्या होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, सिस्टर, यांना जरा बघता का. तोंड उघडलं, पण जीभ हलेना. गालावर ती जुनी थप्पड चुरचुरली, खरंच चुरचुरली. मी पुढच्या खाटेकडं गेले, जसं काही झालंच नाही. साडेबाराला म्हातारा गेला. तो गार कान मात्र दिवसभर माझ्या बोटात राहिला. घरी कणीक मळताना सुद्धा होता.

पंधरा-वीस दिवसांनी पडद्यापलीकडची एक बाई डिस्चार्ज घेऊन निघाली होती. माझ्याच वयाची, टेंभुर्णीकडची. हातात कागद, तोंडात केळं. "सिस्टर, घरी गेले की पयली कोंबडी कापायला लावते मालकाला," असं म्हणून हसत होती. मी पण हसले आणि लाडानं तिचा कान ओढला. ओढला आणि माझं हसू तिथंच थिजलं. ती म्हणाली, "काय झालं वो?" मी म्हटलं, "काही न्हाई." सावकाश जा, एवढंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी जीपवाला दवाखान्यात कोणाला तरी घ्यायला आला होता, त्यानं सांगितलं. बाई जीपमध्ये बसताना म्हणाली, मला खिडकी द्या. खिडकीबाहेर तोंड करून बसली. गाव आलं तरी वळेना, तेव्हा लोकांनी हलवून पाहिलं.

कोपऱ्यातल्या एका पेशंटची बहीण महिनाभरापासून वॉर्डात मुक्कामाला होती. दुपारभर तिला काम नसायचं, बघण्यापलीकडं. तिनं दोन्ही वेळा माझा हात कानाकडं जाताना बघितला होता. तिसरा एक माणूस गेला, त्याचंही तिनं माझ्याच नावावर टाकलं. त्या दिवशी मी वॉर्डात नव्हते, पोरीच्या शाळेत पालकसभेला होते. पण एकदा बभ्रा झाला की कोण विचारतंय?

मला हे काहीच माहीत नव्हतं. दोन दिवसांची सुट्टी घेतली आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या ड्यूटीला गेले. मे महिना, जालन्याचं ऊन, पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. दार लोटलं आणि आवाज बंद झाला. वॉर्डात कधी आवाज बंद होत नाही. कोणी खोकतं, कोणाची वाटी पडते, कोणी फोनवर ओरडतं. त्या दिवशी फक्त पंखे. मी बघितलं तर सगळ्यांचे कान बांधलेले. कोणी उपरणं गुंडाळलेलं, कोणी टॉवेल, कोणी मफलर. पडद्यापलीकडं बायकांनी पदर कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली. घाम गळून राह्यला होता, पण गाठ कोणी सैल करत नव्हतं. आणि सगळे माझ्या हातांकडं बघत होते.

मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. म्हटलं, "काय लावलंय हे? उकडत न्हाई का तुम्हाला?"  शेवटच्या खाटेवर एक बेशुद्ध पेशंट होता. नाकात नळी, आठ दिवस पापणी हलली नव्हती. त्याच्याही कानांवरून त्याच्या बायकोनं रुमाल बांधला होता. मी सलाईन बघायला त्याच्याजवळ गेले. त्यानं हळूच मान भिंतीकडं वळवली.

मी ट्रे तिथंच ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन नळाखाली हात धरले. साबण लावला, परत लावला. आमच्या वर्गातली एक पोरगी मागं आली. "ताई, तुम्हाला कोणी सांगितलं न्हाई का? लोकं म्हणून राह्यलेत, तुम्ही कान धरला की माणूस जातो." मी तिच्यावर खेकसले, "आन तू काय म्हणती?"  तिनं स्वतःची ओढणी डोक्यावरून घेतली.

इन्चार्ज सिस्टरनी मला खोलीत बोलावलं. बाई कडक, पण सरळ. म्हणाल्या, "मी हे कान-बिन बिलकुल मानत नाही. पण तू कानाला हात लावतेस हे खरं ना? कशाला लावतेस?"  सवय आहे म्हटलं. "मग सोड ती सवय. अजून एक तक्रार आली तर प्रिन्सिपल मॅडम तुला घरी बसवतील, मी काही करू शकणार नाही. सोमवारपासून बाळंतिणींच्या वॉर्डात जा, तोही माझ्याच हाताखाली आहे. तिथं सगळ्यांचे कान बांधलेलेच असतात." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. दीड वर्ष नवऱ्याच्या करपलेल्या पोळ्या खाऊन शिकले होते, आणि आता पुन्हा त्या बियांच्या पट्ट्यावर जाऊन बसायचं? 

रविवारी गावी निघाले. एसटीत एका अनोळखी बाईशेजारी जागा मिळाली. अंगावर साधी साडी, मी नर्स आहे हे कपाळावर लिहिलेलं नव्हतं. गाडी सुटली, बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पदर काढून दोन्ही कान घट्ट गुंडाळून घेतले. खिडकीतून झळा येत होत्या, म्हणूनही असेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण मी टेंभुर्णीपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

आबा भावाकडं राहायचा. मेंढरं केव्हाच विकलेली, चार शेळ्या तेवढ्या राखलेल्या. तो शेळीची धार काढत होता. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं.

आबानं विचारलं, "थंड व्हते का?"

"हो."

"बोललीस का कुणाला?"

"न्हाई."

"मंग बराबर केलं."

माझं डोकं भडकलं. "काय बराबर केलं, आबा? माणसं व्हती ती, मेंढरं न्हाईत! बोलले असते तर डॉक्टर आला असता, सुई दिली असती, काहीतरी केलं असतं! लोकं म्हणतात माझ्या हातानं मरतात. हातानं न्हाई, माझ्या गप बसण्यानं मेले असतील!"

आबा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.  शेळीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, त्यानं बघितलं नाही. मग म्हणाला, "तुझ्या मायचा बी कान धरल्ता मी."

मला ते फडकं दिसलं. त्यात शिरलेली बोटं दिसली, आणि तोंडावर हात ठेवून हसणारी मी.

"गार व्हता," आबा म्हणाला. "शेतवाला तिथंच हुभा व्हता, त्याची बैलगाडी जुपलेली. म्हणला बी तो, काही लागतं का. न्हाई बोललो. वाटलं, बोललो तर ती ऐकंल."

त्या क्षणी मला आबाचा जो राग आला, तसा कधी कोणाचा आला नाही. भांडं उचलून फेकावं असं वाटलं. आणि लगेच तोच राग माघारी फिरला, कारण मीही तेच केलं होतं, एकदा नाही, दोनदा. एका दृष्टीनं आबाचं बरं, बघितलं ते सांगा, असं त्याला कुठल्या मॅडमनी शिकवलं नव्हतं. मी न जेवताच परत निघाले. आबा अंगणाच्या कडेपर्यंत मागं आला.

बाळंतिणींचा वॉर्ड म्हणजे चौदा खाटा, चौदा बांधलेली डोकी. इथं रीतच ती, कोणी माझ्यामुळं बांधत नव्हतं. पहिल्या दिवशी वाटलं, सुटले. पण दोन-तीन दिवसांत तेच अंगावर यायला लागलं. कानांवाचून माणसाचा चेहरा पुरा दिसत नाही. रंगीत फडक्यांतून नुसते गोल चेहरे, शेजारी टोपड्यातलं तान्हं, आणि मी हात पाठीमागं बांधून खाटांमधून फिरायची. बीपी, नाडी, ताप. लिही, पुढं जा. बोटं मात्र आपली आपण शिवशिवायची.

त्या गुरुवारी दुपारी भेटायची वेळ होती. वॉर्डात नातेवाईक, डबे, शेपूच्या भाजीचा वास, लाडवांचा वास. सहाव्या खाटेवर वीस-एकवीस वर्षांची पोर, सकाळीच बाळंत झालेली, पहिलटकरीण. सासू बाजूला बाळ घेऊन बसलेली. पहिला नातू, ती कोणाला हात लावू देत नव्हती. तासाभरापूर्वी बघितलेलं सगळं कागदावर बराबर होतं. कपड्यावर रक्त नेहमीएवढंच. मी नुसती शेजारून जात होते, तेव्हा त्या पोरीनं जांभई दिली. दोन पावलांवर मला पुन्हा जांभईचा आवाज आला. मग पुन्हा. मी वळले. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. मी बघत असतानाच तिनं त्या सगळ्या गजबजीकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड केलं.

 मी तिचा हात धरून बघितला, तो ऊन लागला. सासूनं तिच्या दोन्ही हातांत गरम पाण्याची पिशवी दिली होती. "काय होतंय गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही न्हाई, ताई. झोप येऊन राह्यली. खाली जरा जड वाटतंय."

"झोपू द्या तिला," सासू म्हणाली.

मी फडक्याच्या गाठीला हात घातला. सासू उठलीच. तिला कोणीतरी माझ्याबद्दल सांगितलेलं होतं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. "ए बाई! कानाला हात लावायचा न्हाई हां! मला ठाऊक हाय तू कोण ती!" तिनं माझं मनगट धरलं. चौदा खाटा गप झाल्या, तान्ही लेकरं सुद्धा. एक तक्रार, सिस्टर म्हणाल्या होत्या. मी दुसऱ्या हातानं गाठ ओढली. फडकं सुटलं, आणि कान धरला.

मायचा कान मी कधी धरला नव्हता. पण तो असाच लागला असणार.

गालावर थप्पड चुरचुरली. जीभ टाळूला चिकटली. पोरीनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, आणि मला आतून आबाचा आवाज आला, बोलू नको, ती ऐकून राह्यली. मी म्हटलं, ऐकू दे. "गार आहे!" मी ओरडले. "सिस्टर! सहा नंबर गार पडलीय! जल्दी या, डॉक्टरला बोलवा, आत कुठंतरी रक्त चाललंय!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. एकदा सुटल्यावर तो थांबेना. नाडी धरली तर पळत होती, मोजता येईना. बीपी खाली आलेलं. डॉक्टरबाई धावत आल्या, पोट दाबून बघितलं, तपासलं. आतल्या आत रक्त साचून गोळा झाला होता, बाहेर काही दिसायला मार्ग नव्हता. पाच मिनिटांत तिला ऑपरेशनला नेलं.

सासू नातवाला छातीशी धरून उभी होती आणि माझ्याकडं बोट दाखवून सगळ्यांना सांगत होती, "हिनं हात लावला! हिनं हात लावल्यावर गार पडली! चांगली जांभया देत व्हती माझी सून!"   मी सहाव्या खाटेशी फरशीवर बसले आणि ते सुटलेलं फडकं मुठीत धरून ढसाढसा रडले. कोणासाठी रडले, ते त्या वॉर्डात कोणाला कळायचं कारण नव्हतं.

पोर वाचली. दोन बाटल्या रक्त लागलं. इन्चार्ज सिस्टरनी माझ्याकडून रिपोर्ट लिहून घेतला आणि वाचून म्हणाल्या, "कानाचं काढून टाक. 'अंग थंड, घाम, नाडी जलद' असं लिही." मी तसं लिहिलं. त्या कागद घेऊन निघाल्या, दारात थांबल्या, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सवय सोडू नकोस. पण पुढच्या वेळी इतकं ओरडू नकोस." तक्रारीचं नाव कोणी काढलं नाही.

सहाव्या दिवशी ती पोर घरी निघाली. सासू माझ्यापुढं येऊन उभी राहिली. आता भांडते की काय, म्हणून मी कंबर कसली. तिनं स्वतःच्या डोक्यावरचा पदर मागं सारला आणि कान पुढं केला. "बघ माझा," म्हणाली. मी बघितला. "ऊन आहे, मावशी." "बराबर बघ." "बराबर बघितला." तेव्हा कुठं ती गेली. तेव्हापासून उलटंच झालं. आता मी कायमची स्टाफ नर्स आहे, आणि तपासणीच्या रांगेतल्या बायका माझ्यापुढं आल्या की आपणहून कान मोकळा करतात. खरं सांगते, मला ते बांधलेल्या कानांपेक्षा जास्त भीतीचं वाटतं. इतके कान, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघतात.

यंदा वैशाखात भावाचा फोन आला. "आबा जेवत न्हाई. दवाखान्यात चल म्हणलं तर ऐकत न्हाई." मी ड्यूटी बदलून घेतली आणि निघाले. अंगणात लिंबाखाली आबा बाजेवर बसला होता. आमची अंगणं उघडीच असतात, पण तो सगळ्यांकडं पाठ करून कुडाच्या भिंतीकडं तोंड करून बसला होता. शेळ्या लांब, दुसऱ्या टोकाला. त्या उन्हात त्यानं डोक्याला पटका बांधला होता, कानांवरून, घट्ट, हनुवटीखाली दुहेरी गाठ. मला शिकवलं त्यानं, आणि तोच माझ्यापासून कान लपवून बसला होता.

मी बाजेवर बसले. त्या दिवसापासून आम्ही दोघं मायबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मी गाठ सोडली. त्यानं हात धरला नाही, नुसते डोळे मिटून घेतले. मी कान धरला. आणि सांगायला लाज वाटते, शेकडो बायकांना तोंडावर सांगणारी मी, माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटली. 

आबानं डोळे न उघडता म्हटलं, "बोल की."

मी दुसऱ्या हातानं पटक्याची घडी घातली.

"बोल, बाई. मी ऐकून राह्यलो."

"गार हाय, आबा," मी म्हटलं. "लई गार हाय."

"हं," आबा म्हणाला. "एवढंच सांगायला पायजे व्हतं मी तिला."

मी जीप बोलावली. आबानं नाही म्हटलं नाही. नंतर नऊ दिवस तो माझ्याच दवाखान्यात होता, उघड्या कानांनी, दाराकडं तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. दहाव्या दिवशी गेला. त्या नऊ दिवसांसाठी मी जन्मभर कोणाशीही भांडायला तयार आहे.

पण मला त्यातलं जास्त आठवतं ते जीपमधलं. भाऊ पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं आम्ही दोघंच, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. टेंभुर्णी मागं पडली, तेव्हा त्यानं हात वर उचलला. हात पुरेना, म्हणून मी वाकले. त्यानं माझा कान धरला, अंगठा आणि पहिलं बोट, वरची कड, एक श्वास घेऊन सोडेपर्यंत. जन्मात पहिल्यांदा. आणि मोठ्यानं, पुढं बसलेल्या भावालाही ऐकू जाईल असं, म्हणाला, "ऊन हाय."